चाकणचा मासा

चाकणचा इतिहास म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे 1660 साली शाइस्ताखानाविरुद्ध संग्रामदुर्ग लढवणारे फिरंगोजी नरसाळा, आणि दुसरी म्हणजे एमआयडीसी. मधली साडेतीनशे वर्षं जणू कोणी डिलीट केली. आज मी त्या मधल्या काळातली एक गोष्ट सांगणार आहे. ती एका माशाची आहे, आणि त्याच्या जन्मदाखल्यावर चाकणचं नाव आहे.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. पेशवाई संपली आणि कंपनीला प्रश्न पडला, की या मुलखात नेमकं आहे तरी काय? जमीन किती, पिकं कोणती, माणसं किती. हे मोजायला 1824 मध्ये साइक्सची नेमणूक झाली. सरकारी भाषेत तो 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर', आजच्या भाषेत डेटा गोळा करणारा माणूस. हेतू उघड होता, मुलूख नीट कळला की महसूल नीट वसूल होतो. पण या गड्याला पक्षी, प्राणी, मासे यांचाही नाद होता. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्यांतले मासे त्याने पाहिले, त्यांची वर्णनं लिहिली, चित्रं काढून घेतली आणि लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे ठेवली. ते वर्णन 1839 मध्ये छापलं गेलं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने ठेवलेली नावं. लॅटिन-ग्रीक शोधत बसण्याऐवजी त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावं उचलली. खुद्री, कोलुस, मुस्सुल्ला, रोहटी. यातलं 'रोहटी' तर आजही एका प्रजातीगटाचं अधिकृत शास्त्रीय नाव आहे. म्हणजे भीमेवरच्या कुणा मच्छीमाराचा शब्द जगभरच्या संग्रहालयांत लेबलवर बसलाय. त्या मच्छीमाराचं नाव मात्र कुठेच नाही.

तर या यादीत एक मासा आहे, 'नुक्ता'. साइक्सने तो कुठे पाहिला? चाकणजवळच्या इंद्रायणीत. शास्त्रात याला टाइप लोकॅलिटी म्हणतात, म्हणजे ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून प्रजातीचं पहिलं वर्णन झालं ती जागा. आमच्या कोडिंगच्या भाषेत पहिलं कमिट. पुढे कितीही बदल होवोत, ती नोंद पुसता येत नाही.

दिसायला हा मासा विचित्र आहे. रोहूच्या नात्यातलाच, पण तोंडाच्या वर शिंगासारखा उंचवटा, आणि उंचवटा व खालचं तोंड यांच्यामध्ये खोल खाच. नाक कापल्यासारखं दिसतं. मला वाटतं, साइक्सने ऐकलेला मूळ शब्द 'नकटा' असावा. चोचीवर गाठ असलेलं एक बदक आहे, त्यालाही हिंदीत नकटा म्हणतात आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत ते 'नुक्ता' असंच लिहिलेलं सापडतं. हा माझा अंदाज, बरं का.

आज हा नुक्ता आययूसीएनच्या लाल यादीत धोक्यातल्या प्रजातींमध्ये आहे. कृष्णेच्या खोऱ्यात इतरत्र तो अजून मिळतो. पण त्याच्या जन्मगावी काय परिस्थिती आहे?

नाशिक हायवेने राजगुरुनगरहून पुण्याकडे येताना मोशीच्या अलीकडे इंद्रायणीचा पूल लागतो. मी तो इतक्या वेळा ओलांडलाय, आणि बहुतेक वेळा काच वर करून. वासामुळे. थोडं खाली आळंदीला घाटावर पांढरा फेस येतो, वारकरी त्यातच स्नान करतात, मग फोटो छापून येतात.

हे एका दिवसात झालेलं नाही. सुरुवात उगमापासून होते. 1910 च्या दशकात टाटांनी लोणावळ्याला वळवण धरण बांधलं. ते पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून वीज तयार करायची आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. म्हणजे पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं डोक्यावरचं पाणीच पश्चिमेला गेलं. नंतर काठावर गावं वाढली, शहर वाढलं, कारखाने आले. पाणी कमी आणि सांडपाणी जास्त, असं गणित झालं. सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. साबण-डिटर्जंटमुळे फेस येतो, फॉस्फेटमुळे जलपर्णी माजते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की मासे आधीच धापा टाकत असतात, आणि वळवाच्या पहिल्या पावसात तळाचा गाळ ढवळला की उरलासुरला ऑक्सिजनही जातो. मेलेले मासे काठाला लागतात ते अशाच वेळी. लोक म्हणतात पाऊस आला आणि मासे मेले! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे काढले. त्यातले 53 महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत सर्वाधिक, आणि इंद्रायणी त्यात आहेच.

आता साइक्सच्या दुसऱ्या माशाकडे येऊ, खुद्री. हा आपला महाशीर. देहूच्या डोहात याला हात लावायचा नाही, ही जुनी रीत. कायदा नव्हता तेव्हाही श्रद्धेने मासा राखला. पुढे तो इतर ठिकाणी घटला, तेव्हा 1970 च्या दशकात टाटांनी वळवणलाच त्याचं बीज तयार करायचं केंद्र सुरू केलं. ज्या धरणाने नदी अडवली त्याच्याच काठावर! लाखो पिल्लं देशभर सोडली गेली, आणि खुद्री लाल यादीतल्या धोक्याच्या रकान्यातून बाहेर आला.

इथे टाळ्या वाजवाव्यात असं वाटतं. पण ही पिल्लं कावेरीतही गेली. तिथे स्वतःचा वेगळा, कुबडवाला महाशीर होता, जगात फक्त त्याच खोऱ्यातला. आपला खुद्री तिथे फोफावला आणि मूळ मासा मागे पडत गेला. त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख नक्की व्हायला 2018 उजाडलं, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. एक वाचवताना दुसरा गेला असं म्हणणं थोडं घाईचं होईल, कारण तिथेही धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी होतीच. पण आपण नदी न सुधारता फक्त मासा वाढवला, हे मला खटकतं. पिल्लू हॅचरीत होतं, नदी नाही.

आणि नुक्त्याच्या नशिबी महाशीरासारखं कौतुक नाही. तो गळाला लावून फोटो काढण्याइतका दिमाखदार नाही, त्याच्या नावाने घाट राखलेला मला माहीत नाही. आपल्याच खेड तालुक्यात भीमाशंकरला 1985 मध्ये अभयारण्य झालं. शेकरू शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. त्याच तालुक्यातल्या चाकणचं नाव लावणारा मासा मात्र मलाही या भागाची तयारी करेपर्यंत ठाऊक नव्हता.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी चिंबळी, आळंदी, मरकळ या बाजूचे कोणी म्हातारे असतील, जे लहानपणी इंद्रायणीत पोहले, जाळं टाकलं, तर त्यांना हा मासा विचारा. कपाळावर गाठ, खाली खाच. ते त्याला काय म्हणायचे, आणि शेवटचा कधी पाहिला? व्हॉइस नोट पाठवा. नकटा की नुक्ता, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.