संज्ञापन अभ्यास, कम्युनिटी कॉलेजातील

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांत, शिकवला जाणारा भाषण, परस्परसंवाद, वादविवाद व गटचर्चा यांचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रात ‘संज्ञापन’ म्हटले की पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा मुंबईच्या महाविद्यालयांतले ‘बीएमएम’ आठवते. वर्तमानपत्र, जाहिरात आणि कॅमेरा हे सारे त्यात आले. कम्युनिटी कॉलेजात या नावाखाली बहुधा यांतले काहीच नसते. पत्रकारिता, नभोवाणी, चित्रपटनिर्मिती यांचे विभाग तिथे वेगळे असतात. संज्ञापनाच्या वर्गात माणूस चार माणसांसमोर उभा राहून बोलतो, आणि त्या बोलण्याचेच गुण मिळतात.

पूर्वपीठिका : आज चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत सर्वांत जुने मानले जाते ते इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनियर कॉलेज. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ते १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू केले. विद्यापीठाची पहिली दोन वर्षे गावात राहूनच पुरी करता यावीत, हा हेतू. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर. आता देशभरात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत.

विषयाचा जन्म मात्र दुसऱ्या घरचा. इंग्रजी विभागांत कविता आणि निबंधाला पाट, भाषणाला कोपरा, याला कंटाळून १९१४ मध्ये सतरा शिक्षकांनी इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेपासून फारकत घेतली आणि वक्तृत्वशिक्षकांची वेगळी संघटना काढली. तीच पुढे नावे बदलत १९७० मध्ये ‘स्पीच कम्युनिकेशन असोसिएशन’ आणि १९९७ मध्ये ‘नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन’ झाली. कॉलेजांतल्या पाट्याही अशाच बदलत गेल्या : आधी ‘स्पीच’, मग ‘स्पीच कम्युनिकेशन’, आता ‘कम्युनिकेशन स्टडीज’. पाटी बदलली तरी भाषणाचा पहिला कोर्स जिथे होता तिथेच आहे, आणि विभागाचे पोट आजही त्याच्यावरच भरते.

भाषणाचा वर्ग : हा कोर्स साधारणपणे तीन क्रेडिटचा असतो. संज्ञापन हा ज्यांचा मुख्य विषय आहे असे विद्यार्थी त्यात थोडे. नर्सिंग, हिशेबशास्त्र, संगणक, अग्निशमन अशा वाटांवरचे फार, कारण अनेक ठिकाणी पदवीसाठी तो सक्तीचाच असतो. त्यामुळे संध्याकाळच्या एका वर्गात गोदामातली पाळी संपवून आलेला कामगार, लष्करातून परतलेला सैनिक, मूल आईकडे ठेवून आलेली तरुणी आणि इंग्रजी तिसऱ्या भाषेसारखी बोलणारा निर्वासित एका रांगेत बसतात. विद्यापीठाच्या वर्गाला असा श्रोतृवर्ग सहसा लाभत नाही. कम्युनिटी कॉलेजातल्या या कोर्सचे खरे बळ पाठ्यपुस्तकापेक्षा त्यात आहे.

सत्रात तीन-चार भाषणे होतात : ओळखीचे, माहितीपर, मन वळवणारे, आणि कधी कधी सत्कार किंवा श्रद्धांजलीसारखे प्रसंगोचित. प्रत्येक भाषणाआधी लेखी आराखडा द्यावा लागतो, त्यात संदर्भ हवेत आणि ते बोलतानाही तोंडी सांगावे लागतात. समोर धरायला मात्र टिपणांची मोजकी कार्डे. पाठ केलेले भाषण दोष समजला जातो. मराठी शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत घडलेल्या विद्यार्थ्याला हे आधी अवघड जाते. ‘अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग’ पासून शेवटच्या काव्यपंक्तीपर्यंत सारे मुखोद्गत असणे ही आपल्याकडे तयारी. तिथे ती नापसंतीची खूण. श्रोत्याच्या चेहऱ्याकडे पाहून वाक्य बदलता आले पाहिजे, असा त्या शिक्षकांचा आग्रह असतो आणि तो रास्तही आहे, जरी त्यामुळे भाषेची श्रीमंती बरीच खर्ची पडते.

मन वळवणाऱ्या भाषणासाठी दोन साचे सर्वत्र भेटतात. पर्ड्यू विद्यापीठाचे ॲलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात मांडलेला क्रम पाच पायऱ्यांचा आहे : लक्ष वेधा, गरज दाखवा, उपाय द्या, तो केल्यास काय होईल याचे चित्र उभे करा, कृतीला लावा. एसटीत चढून दातदुखीचे मलम विकणारा माणूस हाच क्रम मन्रोंचे नावही न ऐकता पाळतो. दुसरा साचा स्टीव्हन टूल्मिन या तत्त्वज्ञाचा, १९५८ चा : दावा कोणता, त्याला आधार कोणता, आणि आधारावरून दाव्यावर जाण्याचा परवाना कोणी दिला. हा तिसरा प्रश्न शिकवायला सर्वांत कठीण.

सभाभीती हाही अभ्यासविषय आहे. जेम्स मॅक्रॉस्की यांनी १९७० मध्ये ‘संज्ञापन-धास्ती’ ही संकल्पना मांडली आणि ती मोजण्यासाठी पुढे चोवीस विधानांची प्रश्नावली बसवली. गुण २४ ते १२० च्या दरम्यान येतात. गटात, बैठकीत, दोघांत आणि व्यासपीठावर अशी धास्ती चार ठिकाणी वेगवेगळी मोजली जाते, त्यामुळे मित्रांत बडबड्या असलेला विद्यार्थी माइकसमोर का गोठतो याचा आकडाच हाती येतो. अनेक शिक्षक ही प्रश्नावली सत्राच्या आरंभी आणि शेवटी भरून घेतात. ऑनलाइन वर्गातूनही श्रोत्यांची सुटका नाही : घरातली, शेजारची प्रौढ माणसे गोळा करायची आणि ती दिसतील असे भाषण चित्रित करायचे, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते.

इतर विषय : परस्परसंवादाच्या कोर्समध्ये मार्क नॅप यांची नात्याच्या दहा टप्प्यांची मांडणी येते, पाच जवळ येण्याचे आणि पाच दुरावण्याचे. गटसंवादात ब्रूस टकमन यांचे गटबांधणीचे टप्पे (१९६५) आणि अर्व्हिंग जॅनिस यांची ‘ग्रुपथिंक’ ही कल्पना (१९७२) शिकवतात. आंतरसांस्कृतिक संवादाचा पाया एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञाने घातला; किती शब्दांत बोललेच पाहिजे आणि किती संदर्भावर सोडता येते, यावरून त्याने संस्कृतींत भेद केला. स्थलांतरितांनी भरलेल्या वर्गात यावर उदाहरणे पुस्तकातून शोधावी लागत नाहीत. ललित साहित्याचे अभिवाचन हा जुना कोर्सही काही कॉलेजांनी अजून जपला आहे.

वादविवादाचा संघ : याला अमेरिकेत ‘फॉरेन्सिक्स’ म्हणतात. न्यायवैद्यकाशी त्याचा संबंध नाही. दोन्हींचे मूळ रोमन चौकातल्या जाहीर वादात. दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी ‘फाय रो पाय’ ही वेगळी राष्ट्रीय संघटना १९२८ पासून आहे. स्पर्धेतल्या उत्स्फूर्त भाषणात विषय मिळाल्यापासून तयारी आणि बोलणे मिळून सातच मिनिटे. ऑरेंज कोस्ट, एल कमिनो यांसारखी कॅलिफोर्नियातील कॉलेजे या स्पर्धांत नावाजलेली आहेत.

ट्रान्सफर : साठ क्रेडिटांची असोसिएट पदवी घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाणे हा या अभ्यासाचा राजमार्ग. कॅलिफोर्नियात ११६ कॉलेजांची देशातली सर्वांत मोठी व्यवस्था आहे. तिथे २०१० च्या कायद्याने ‘ट्रान्सफरची असोसिएट पदवी’ आली, आणि ज्या विषयांसाठी ती प्रथम बेतली गेली त्यांत संज्ञापन होते. पदवीधारकाला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी मिळते. मात्र हमी व्यवस्थेतल्या जागेची, हव्या त्या कॅम्पसची नव्हे. हा बारकावा न कळल्याने पुष्कळांचा हिरमोड होतो.

स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रवेशासाठी अनिवार्य असलेल्या चार विषयांत (‘गोल्डन फोर’) लेखन, तर्कविचार आणि गणित यांच्या बरोबरीने मौखिक संज्ञापन होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ही दुसरी, अधिक मानाची व्यवस्था भाषणाचा आग्रह धरत नसे. २०२५ च्या शरद सत्रापासून दोन्हींसाठी एकच सामाईक आराखडा लागू झाला आणि भाषण तिकडेही सक्तीचे ठरले. त्याच सुमारास राज्यभर कोर्सना एकसारखे क्रमांक देण्याचे काम सुरू झाले. पहिल्याच तुकडीत सार्वजनिक भाषणाचा कोर्स होता.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात, म्हणजे भाषणाचा कोर्स १३८ डॉलरांत आणि साठ युनिट २,७६० डॉलरांत. परदेशी विद्यार्थ्याची फी याच्या अनेकपट असते. पुणे-नाशिककडून थेट तिकडे जाऊ पाहणाऱ्याने ‘स्वस्त कॉलेज’ ही कीर्ती ऐकून हिशेब मांडू नये. देशभरचा विचार केला तर प्रवेश घेणाऱ्यांतील बहुतेकांना पुढे विद्यापीठात जायचे असते. सहा वर्षांत प्रत्यक्ष जातात ते सुमारे एक तृतीयांश. नोकरी, घरभाडे, मोडलेली गाडी ही कारणे अभ्यासाच्या अडचणींइतकीच मोठी आहेत.

नभोवाणी : तिचा विभाग संज्ञापनाहून वेगळा असला, तरी काही नावाजलेली केंद्रे या कॉलेजांशी जोडलेली आहेत. सँटा मॉनिका कॉलेजचे ‘केसीआरडब्ल्यू’ हे केंद्र १९४५ मध्ये युद्धावरून परतलेल्यांना प्रक्षेपणाचे शिक्षण देण्यासाठी निघाले आणि पुढे देशातल्या नामांकित सार्वजनिक केंद्रांत गणले गेले. लॉस एंजेलिसच्या ‘केपीसीसी’ या केंद्राच्या नावातली अक्षरे पॅसाडीना सिटी कॉलेजची. २०२३ मध्ये ते ‘एलएइस्ट’ झाले. अशा केंद्रांवर आता व्यावसायिकांचाच वावर जास्त.

माजी विद्यार्थी : दूरचित्रवाणीचे वृत्तनिवेदक जिम लेहरर टेक्सासमधील व्हिक्टोरिया कॉलेजातून मिसुरी विद्यापीठात गेले. शिकत असताना ते बसस्थानकावर तिकिटे विकत आणि माइकवरून गाड्यांच्या घोषणा करत. आपल्या एसटी स्टँडवरच्या नियंत्रकाचेच हे काम. पुढे अध्यक्षीय उमेदवारांच्या दहाहून अधिक वादसभांचे संचालन त्यांनी केले. अभिनेते टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजात होते आणि आपण घडलो ते तिथे, असे त्यांनी २०१५ मध्ये लेख लिहून सांगितले.

भारतात कम्युनिटी कॉलेज हे नाव पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये वापरले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास त्यासाठी योजना आखली. या कॉलेजांचा भर व्यवसायकौशल्यांवर आहे. संज्ञापन तिथे ‘सॉफ्ट स्किल्स’ नावाच्या तासापुरते येते, आणि त्या तासाला भाषणापेक्षा मुलाखतीची तयारी जास्त होते.