आघात परीक्षा, प्लॅस्टिकची

अकस्मात बसणाऱ्या तडाख्याने प्लॅस्टिकचा नमुना मोडण्यास लागणारी ऊर्जा मोजण्याची पद्धती. ती मूळची धातूंसाठीची. झॉर्झ शार्पी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये व ई. जी. आयझॉड या इंग्रज अभियंत्यांनी १९०३ मध्ये आपापल्या पद्धती मांडल्या. शार्पी पद्धतीत नमुना दोन टेकूंवर आडवा ठेवून खाचेच्या विरुद्ध बाजूस आघात करतात. आयझॉड पद्धतीत तो उभा आवळून खाचेच्याच बाजूने करतात. नमुना मोडल्यावर लोलक पलीकडे जितका कमी चढतो, त्यावरून शोषलेली ऊर्जा काढतात.

अमेरिकेत प्लॅस्टिकसाठी डी २५६ हे मानक १९२६ मध्ये संमत झाले. परंतु उसनी घेतलेली ही मोजपट्टी प्लॅस्टिकला नीट बसली नाही. ठिसूळ नमुन्याचा तुटलेला तुकडा दूर फेकण्यातही ऊर्जा खर्च होते व तीही मोडण्याच्या खात्यावर जमा होते. याहून गंभीर बाब खाचेची व जाडीची. सु. ३ मिमी. जाडीचा पॉलिकार्बोनेटाचा खाचयुक्त नमुना अत्यंत चिवट ठरतो. जाडी ६ मिमी.च्या पुढे नेल्यास तेच द्रव्य ठिसूळपणे मोडते. पॉलिप्रोपिलिनाचा चिवटपणा ०° से.च्या आसपास झपाट्याने घटतो. म्हणजे मिळणारा आकडा द्रव्याचा गुणधर्म नसून त्या नमुन्याचा व त्या परिस्थितीचा असतो. तक्त्यातील असा आकडा थेट अभिकल्पात वापरणे धोक्याचे आहे. तुलना व गुणवत्ता नियंत्रण यांसाठी मात्र ही परीक्षा स्वस्त व सोयीची असल्याने टिकून आहे. तयार वस्तूची पारख तिच्यावर वजन पाडून करतात.