शॉर्टकट निर्दोष होता

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या जेवणाला आमच्याकडे चौदा पानं होती. त्या सगळ्यांसमोर मी माझ्या नातवाला म्हटलं, "तू कॉम्प्युटरला हात लावलास आणि तो बिघडला." पोरगं नववीत आहे. "आजी, मी फक्त बुद्धिबळ खेळलो," एवढंच म्हणालं आणि नंतर श्रीखंडाला शिवलं नाही. त्या पंगतीतले निम्मे लोक हा ब्लॉग वाचतात. म्हणून हा लेख इथेच लिहिते आहे.

झालं होतं असं. मी ज्या प्रोग्रॅममध्ये लेख टाइप करते, त्याचं चित्र पडद्यावर डाव्या कोपऱ्यात आहे. पाडव्याच्या दिवशी त्यावर दोनदा क्लिक केलं, तर लिहायचं पान राहिलं बाजूला आणि भलतीच खिडकी उघडली. माझ्या जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर बसवायला सुरुवात झाली आणि सीडी घाला असा हुकूम आला. रद्द केलं की पुन्हा तेच. तीन-चार वेळा नकार दिल्यावर कुठे लिहायचं पान यायचं. स्कॅनर तर मी कधीच भंगारवाल्याला दिलेला! आदल्याच दिवशी नातू येऊन खेळून गेला होता, तेव्हा गुन्हेगार कोण हे माझ्या मते ठरलेलंच होतं.

मी तो शॉर्टकट पुसला आणि नवा केला. फरक नाही. पुन्हा पुसला, पुन्हा केला. शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्यानं विचारलं, "बाई, शॉर्टकट सोडून मूळ प्रोग्रॅमच्या फाइलवर क्लिक केलं तर काय होतं?" करून पाहिलं. तीच स्कॅनरची खिडकी! "मग शॉर्टकटचा काही दोष नाही," तो म्हणाला. पस्तीस वर्षं मुलांना तात्कालिक कारण आणि मूलभूत कारण यांतला फरक शिकवला. १८५७च्या उठावाचं कारण म्हणून नुसती काडतुसं लिहून येणाऱ्याचे गुण कापले. आणि स्वतः मात्र चित्रावर क्लिक केलं की बिघडतं, म्हणून चित्रच दोषी, आणि आदल्या दिवशी मुलगा बसला होता, म्हणून मुलगा दोषी, असा निकाल देऊन मोकळी झाले होते.

मग या शॉर्टकटची कुळकथा वाचायला बसले. इतिहासाची सवय जात नाही.

पडद्यावरच्या चित्राला 'आयकॉन' हा शब्द डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात वापरला. पुढे झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या यंत्राच्या रचनेत ते होते. १९८१मध्ये आलेल्या या यंत्राच्या पडद्यावर कचेरीतलं टेबलच मांडलेलं होतं. कागद, फोल्डर, येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालाचे ट्रे, सगळं चित्ररूपात. तिथे चित्र म्हणजेच ती वस्तू. पण एकच वस्तू दोन ठिकाणी हाताशी हवी असेल तर काय करायचं? त्याला उपाय म्हणजे वस्तूऐवजी तिच्या पत्त्याची चिठ्ठी ठेवायची. युनिक्सच्या बर्कलेच्या आवृत्तीत १९८३मध्ये अशी सांकेतिक जोडणी आली. मॅकिंटॉशवर १९९१च्या 'सिस्टिम ७'मध्ये 'एलियस' आला. त्यात फाइलचा ओळखक्रमांकही नोंदलेला असे, त्यामुळे फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी ती सापडायची. विंडोजमध्ये शॉर्टकट आला तो २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९५बरोबर. चित्राच्या कोपऱ्यातला तो छोटा बाण म्हणजे 'मी वस्तू नाही, मी चिठ्ठी आहे' हे सांगणारी खूण.

ही चिठ्ठी थोडी आगाऊही होती. मूळ फाइल जागेवर नसली की ती शोधाशोध करायची आणि विचारायची, की आकार, तारीख आणि प्रकार पाहता अमुक फाइल सर्वांत जवळची वाटते, तिच्याकडे वळवू का? आपण घाईनं 'होय' म्हटलं की शॉर्टकट भलत्याच दारात जाऊन उभा! पत्ता बदललेल्या माणसाच्या शेजाऱ्याला पत्र देऊन येणाऱ्या पोस्टमनसारखंच हे. विंडोज २०००मध्ये फाइलला ओळखक्रमांक देऊन तिचा माग ठेवण्याची सोय आली आणि हे अंदाज बरेच कमी झाले.

पण माझी अडचण पत्त्याची नव्हती. तिचं मूळ दुसऱ्या एका कहाणीत होतं. नव्वदच्या दशकात प्रत्येक कंपनी आपलं सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रोग्रॅम आपापल्या पद्धतीनं लिहायची. बऱ्याच सॉफ्टवेअरना लागणाऱ्या काही फाइली सामायिक असत, वाड्यातल्या विहिरीसारख्या. नवं बिऱ्हाड आलं की ते विहिरीत आपल्या सोयीचा फेरबदल करणार, जाताना कधी पोहराच घेऊन जाणार, आणि बाकीची बिऱ्हाडं तहानलेली! नव्या फाइलवर जुनी फाइल बसायची आणि कालपर्यंत चालणारं दुसरंच काहीतरी बंद पडायचं. या फाइलींना डीएलएल म्हणतात, आणि त्या काळातल्या लोकांनी या प्रकाराला 'डीएलएलचा नरक' असंच नाव दिलं होतं.

त्यावर मायक्रोसॉफ्टनं १९९९मध्ये ऑफिस २०००बरोबर 'विंडोज इन्स्टॉलर' आणला. तयार होत असताना त्याचं टोपणनाव होतं 'डार्विन'. कल्पना अशी, की सॉफ्टवेअर बसवणं, दुरुस्त करणं आणि काढणं हे सगळं एकाच कारभाऱ्याकडे द्यायचं. कोणाचं काय कुठे आहे याची नोंद हा कारभारी ठेवणार. प्रत्येक उत्पादनाला आणि त्याच्या प्रत्येक घटकाला १२८ बिटांचा क्रमांक, प्रत्येक घटकासाठी खुणेची एक फाइल किंवा नोंद. या पद्धतीच्या खास शॉर्टकटमध्ये नुसता पत्ता नसतो, तर कोणतं उत्पादन, त्यातला कोणता भाग आणि कोणता घटक, हे सांकेतिक अक्षरांत कोंबलेलं असतं. त्याला अजूनही 'डार्विन डिस्क्रिप्टर' म्हणतात. आपण क्लिक केलं की कारभारी आधी खुणेची फाइल जागेवर आहे का ते बघतो. असेल तर दार उघडतो. नसेल तर म्हणतो, थांबा, आधी दुरुस्ती करतो. तेव्हा डिस्कवर जागा कमी असायची, म्हणून काही भाग मुळात न बसवता पहिल्यांदा वापरताना सीडीवरून बसवायची सोयही यातच होती.

आता खरी मेख. ही तपासणी फक्त शॉर्टकटवर क्लिक केल्यावरच होते असं नाही. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याचा एखादा घटक आतून बोलावला तरी होऊ शकते. माझ्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरनं लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये आपलं एक बटण बसवलं होतं. कागद स्कॅन करून थेट पानात आणायचं बटण. म्हणजे मी लिहायला बसले, की लिहिण्याचा प्रोग्रॅम सुरू होताना त्या बटणाला हाक मारणार. कारभारी बटणाच्या घरी जाऊन पाहणार, तर घरच नाही! मग तो इमानेइतबारे ते घर पुन्हा बांधायला घेणार आणि माझ्याकडे सामान, म्हणजे सीडी, मागणार. बिचारा आपलं कामच करत होता.

हे कळलं कसं? विद्यार्थी म्हणाला, "बाई, अंदाज नको, नोंदवही बघा." विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही असते. तिच्या अॅप्लिकेशन विभागात 'एमएसआय इन्स्टॉलर'च्या नावानं दोन नोंदी होत्या, १००१ आणि १००४ क्रमांकाच्या. कोणत्या उत्पादनाचा कोणता घटक सापडला नाही हे तिथे लिहिलेलं होतं, आणि जी वस्तू अस्तित्वात नाही तिचा पूर्ण पत्ताही. तो पत्ता होता स्कॅनरच्या फोल्डरचा.

तो वाचला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. उठून माझी डायरी काढली. वसुबारसेच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं : 'सी ड्राइव्ह भरला होता. नको ते फोल्डर काढून टाकले.' स्कॅनर नाही, तर त्याचं फोल्डर तरी कशाला, म्हणून मीच ते उचलून फेकलं होतं. परवानगी विचारणाऱ्या खिडकीला 'होय' म्हटलेलंही आठवलं. मधले चार-पाच दिवस फराळाच्या गडबडीत लिहायला बसलेच नाही, आणि बसले ती नातू येऊन गेल्यावर.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. कंट्रोल पॅनलमध्ये स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचं नाव अजून यादीत होतं. ते तिथून रीतसर काढलं. कारभाऱ्यानं स्वतःजवळ जपलेल्या प्रतीवरून उरलेल्या नोंदी आणि ते बटण पुसून टाकलं. सीडी लागलीच नाही. लिहायचं पान पहिल्या झटक्यात उघडलं. तुमच्यापैकी कुणाला असा त्रास झाला, तर आधी मूळ फाइल उघडून पाहा, मग नोंदवही वाचा आणि मग त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला यादीतून काढा किंवा दुरुस्त करा. पूर्वी अशा अडकलेल्या नोंदी खरवडून काढणारं मायक्रोसॉफ्टचंच एक अवजार मिळायचं, पण त्यानं इतर घटकांचंही नुकसान होतं म्हणून २०१०मध्ये ते मागे घेतलं गेलं. तेव्हा कुणी ते शोधून दिलं तर वापरू नका.

त्याच संध्याकाळी नातवाला फोन केला आणि चूक माझी होती असं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तुला चालतं ना आता? मग झालं." पण आरोप चौघांत केला होता, फोनवर माफी मागून तो फिटत नाही. म्हणून इथे लिहिते, की माझ्या नातवानं कॉम्प्युटर बिघडवला नव्हता, मी बिघडवला होता. पंगतीतल्या मंडळींनी कृपया नोंद घ्यावी. मे महिन्यात तो राहायला येणार आहे, तेव्हा श्रीखंड करीन.