पुनर्जनन-गतिरोध, बर्फाळ रस्त्यांवरील

विजेवर चालणाऱ्या गाडीचा वेग उतरविताना तिच्या गतीतील ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाऊ न देता, चाके फिरविणाऱ्या मोटरकडूनच जनित्राचे काम करून घेऊन ती ऊर्जा पुन्हा बॅटरीत जमा करण्याची जी योजना, तिला पुनर्जनन-गतिरोध म्हणतात. चालकांच्या बोलण्यात हिचे सुटसुटीत नाव ‘रीजेन’ असे आहे. आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपण होऊन मंदावते, ब्रेकला पाय लावण्याचा प्रसंग क्वचितच येतो, अशा चालविण्याच्या रीतीला ‘वन पेडल’ म्हणतात. कोरड्या रस्त्यावर ही योजना सर्वथा गुणाची आहे. रस्त्यावर पाणी गोठले म्हणजे तिच्याकडून कोणता धोका संभवतो व तो कसा आवरावा, एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय होय.

तत्त्व नवे नाही. स्वीडनमधील किरुना येथील खाणींतून नॉर्वेच्या नार्विक बंदराकडे लोहखनिज घेऊन उतरणाऱ्या आगगाड्या उतारावर इतकी वीज तारेत परत सोडतात, की रिकाम्या वाघिणी पुन्हा सरहद्दीपर्यंत चढवून नेण्यास ती पुरते. मुंबईच्या लोकलगाड्याही स्टेशनात शिरताना हेच करतात. परंतु रुळावरच्या गाडीला आडवे सरकण्याची मुभा नसते आणि रस्त्यावरच्या गाडीला ती असते, या एका भेदामुळे सगळा प्रश्न उत्पन्न झाला आहे. बर्फ आणि विजेची गाडी यांची गाठ ज्या देशात सर्वाधिक पडते तो नॉर्वे होय. तेथे २०२४ साली नोंदल्या गेलेल्या नव्या खासगी मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी केवळ विजेवर चालणाऱ्या होत्या, आणि त्यांतील पुष्कळ मोटारींना हिवाळ्यात बर्फावरून जाणे चुकत नाही.

ब्रेक कोणत्याही जातीचा असो, गाडी अखेर थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यामधील पकडीमुळे. या पकडीचा अंक कोरड्या डांबरावर ०.८ च्या आसपास, दबून घट्ट झालेल्या हिमावर ०.२ ते ०.३ आणि नितळ बर्फावर सुमारे ०.१ असतो, पारा शून्याशी घुटमळत असताना बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा धरला म्हणजे तो याहूनही खाली जातो, आणि म्हणूनच उणे पंधरा अंशांच्या कडक थंडीपेक्षा शून्य अंशाची ओलसर सकाळ अधिक घातकी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर जेथे १२-१३ मीटरांत थांबू शकते, तेथे ०.१ अंकाच्या बर्फावर तिला जवळजवळ १०० मीटर लागतात, आणि यात चालकाला भान येईपर्यंतचा काळ धरलेला नाही. आता पुनर्जननाचा हिशेब पाहावा. अनेक गाड्यांत पाय पुरता उचलताच दर सेकंदाला ताशी ७ किलोमीटर या मानाने वेग उतरू लागतो. अशा बर्फावर चारही चाकांनी मिळून जोर लावला तरी दर सेकंदाला ताशी साडेतीन किलोमीटरांहून अधिक उतार मिळणे शक्य नसते. आणि मोटर जर एकाच आसाला जोडलेली असेल, व त्या आसावर गाडीचा अर्धाच भार असेल, तर त्याच्याही निम्मा. मागणी सातांची आणि ऐपत पावणेदोनांची, अशी ही स्थिती आहे.

आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. पेट्रोलच्या गाडीवर वाढलेल्या चालकाच्या अंगी असे मुरलेले असते की पाय उचलणे म्हणजे काहीच न करणे. विजेच्या गाडीत मात्र पाय उचलणे म्हणजे ब्रेक लावणे होय, आणि तोही पायाखालच्या ब्रेकप्रमाणे चारही चाकांत विचारपूर्वक वाटलेला नव्हे, तर मोटर जेथे जोडली असेल तेथेच लागणारा. पुढच्या चाकांना मोटर असेल, तर ती चाके पकड सोडतात आणि सुकाणू फिरवूनही गाडी सरळच जात राहते. मागच्या चाकांना असेल, तर प्रकार याहून वाईट होतो. कारण वेग उतरताना भार पुढे झुकून मागची चाके आधीच हलकी झालेली असतात, आणि नेमक्या त्याच चाकांवर ओढ येते.

पश्चिम नॉर्वेतील फ्योर्डकाठच्या उतारावरून, मागच्या चाकांना मोटर असलेली एखादी गाडी ताशी ४० किलोमीटरने येत आहे असे कल्पावे. रस्ता काळाभोर, कोरडा वाटावा असा. पुढे डोंगराच्या सावलीत एक वळण आहे आणि वरून ठिबकलेले पाणी रात्रीत तेथे गोठून काचेसारखे झाले आहे. वळण दिसताच चालक सवयीने पाय उचलतो. सुकाणू आधीच थोडे वळलेले असल्यामुळे टायरांची जी थोडीबहुत पकड होती तिचा बराचसा भाग गाडीला वळविण्यातच खर्च झालेला असतो. उरलेल्या चिमूटभर पकडीवर पुनर्जननाची ओढ येते, मागची चाके रस्त्याच्या मानाने हळू फिरू लागतात, आणि गाडीची पाठ बाहेरच्या अंगाला सरकते. घाबरलेला माणूस अशा वेळी पाय आणखी वर घेतो, आणि ओढ वाढते. खरा उपाय त्याच्या भीतीच्या नेमका उलट आहे: ॲक्सिलरेटर किंचित, अगदी अंगठ्याच्या भाराइतका दाबून मोटर ना ओढते ना ढकलते अशा बिंदूवर आणावी, किंवा गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा, नजर जेथे जायचे तेथे ठेवावी आणि पाठ ज्या अंगाला सरकते त्याच अंगाला सुकाणू हलकेच द्यावे. हा उपाय वाचून येत नाही. नॉर्वेत मोटारीचा परवाना मिळण्यापूर्वी निसरड्या केलेल्या धावपट्टीवर चार तासांचे शिक्षण घेण्याची सक्ती आहे, ती आम्हास अत्यंत शहाणपणाची वाटते.

गाडीतील यंत्रणा या कामी पुष्कळ साह्य करतात, हे नमूद केलेच पाहिजे. चाक रस्त्याच्या मानाने मंद फिरू लागल्याची वर्दी मिळताच पुनर्जननाचा जोर सेकंदाच्या अल्पांशात कमी केला जातो, आणि विजेची मोटर हे काम इंजिनापेक्षा अधिक तत्परतेने करते. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सुरू झाली, तर बहुतेक गाड्यांत पुनर्जनन बंद होऊन नेहमीचे ब्रेक एकटे सूत्रे हाती घेतात. पण यंत्रणा पकड निर्माण करू शकत नाही. असलेली पकड राखू शकते, इतकेच.

दुसरी अडचण बॅटरीच्या प्रकृतीतून येते, आणि ती पहिलीइतकीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लिथियम-आयन बॅटरी गोठणबिंदूखाली असताना तिच्यात जोराने वीज भरू गेल्यास लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत न शिरता पृष्ठभागावर धातुरूपाने साचतात, व बॅटरीची कायमची हानी होते. म्हणून गाडीची नियंत्रक यंत्रणा थंड बॅटरीकडे फारशी वीज जाऊ देत नाही. परिणाम असा, की रात्रभर अंगणात उभी राहिलेली गाडी सकाळी पाय उचलल्यावर जवळजवळ मंदावतच नाही, आणि तासाभराने बॅटरी ऊबदार झाली की तीच गाडी त्याच पायाला जोराने थांबू लागते. बॅटरी काठोकाठ भरून घाटमाथ्यावरून निघाल्यासही हाच अनुभव येतो. काही गाड्या ही उणीव नेहमीच्या ब्रेकने गुपचूप भरून काढतात, काही नुसती काट्याजवळ खूण दाखवितात. निघण्यापूर्वी, गाडी चार्जरला जोडलेली असतानाच, बॅटरी गरम करून घेण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी.

पुनर्जननाची मात्रा कमी-अधिक करण्याची तजवीज पुष्कळ गाड्यांत असते, आणि बर्फावर ती खालच्या पायरीवर ठेवावी हा सामान्य नियम होय. सुरक्षिततेचा मुख्य आधार मात्र टायर आहेत. नॉर्वेत १ नोव्हेंबरपासून ईस्टरच्या सोमवारनंतरच्या पहिल्या रविवारपर्यंत, आणि नूरलान, त्रुम्स व फिनमार्क या उत्तरेकडील इलाख्यांत १६ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत, खिळे बसविलेले टायर वापरण्यास परवानगी आहे. हिवाळ्यात नक्षीची खोली निदान ३ मिलिमीटर असावी लागते. हार्डांगरविड्डाच्या पठारावर वादळ झाले म्हणजे बर्फ लोटणाऱ्या यंत्रामागून गाड्यांचा काफिला सोडण्याचा शिरस्ता आहे, आणि तेथे मागच्याला पुढच्याचे लाल दिवे हाच काय तो मार्गदर्शक असतो. पायाने ब्रेक न दाबताही वेग उतरतो, मग दिवे लागणार कसे, असा प्रश्न सहज पडेल. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मोटारविषयक नियमांत अशी तरतूद आहे की पुनर्जननाने वेग सेकंदाला सेकंदास १.३ मीटरांहून अधिक उतरत असल्यास ब्रेकचे दिवे लागलेच पाहिजेत.

पुनर्जननाचा आणखी एक लहानसा तोटाही आहे. नेहमीचे ब्रेक फारसे वापरात नसल्यामुळे आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरले जात असल्यामुळे ब्रेकच्या चकत्या गंजतात. यासाठी मधूनमधून, मोकळ्या व कोरड्या रस्त्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून दोन-चार वेळा ब्रेक जरा जोराने दाबावेत, म्हणजे चकत्या घासून स्वच्छ होतात.

महाराष्ट्रात रस्त्यावर बर्फ गोठत नाही. परंतु मनालीहून सोलंगमार्गे अटल बोगद्याकडे हौसेने गाडी घेऊन जाणाऱ्या मराठी प्रवाशांना हा विषय परका नाही. आपल्याकडे हिवाळी टायर सहसा मिळत नाहीत, आणि ताजे हिम पडल्यावर तेथील पोलीस चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. साखळ्या मोटर ज्या आसाला असेल त्या चाकांना लावावयाच्या असतात, आणि पुनर्जननाची ओढही त्याच चाकांवर येते. आपल्याकडच्या विजेच्या गाड्यांपैकी पुष्कळ पुढच्या चाकांच्या असल्यामुळे उतरताना पुढची साखळी बर्फात रुतून धरते आणि उघडी मागची चाके मात्र मोकळी राहतात. म्हणून बोगद्याकडून मनालीकडे उतरताना पुनर्जनन सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावे, वळण येण्याच्या बरेच आधी, रस्ता सरळ असतानाच, वेग चालण्याच्या गतीला आणावा, आणि वळणात पाय उचलू नये.