व्यवसायोपचार म्हणजे काय रे भाऊ?

काही शब्दांचं सरकारी भाषांतरात वाटोळं होतं. 'व्यवसायोपचार' हा त्यातलाच एक. पहिल्यांदा वाचला की वाटतं, बुडीत धंद्याला कर्ज वगैरे मिळवून देणारं एखादं खातं असावं. मूळ शब्द ऑक्युपेशनल थेरपी, आणि तोही फार मदत करत नाही. इथे ऑक्युपेशन म्हणजे नोकरी नव्हे. माणसाचा दिवस ज्या ज्या गोष्टींनी भरलेला असतो त्या सगळ्या: दात घासणं, पायजम्याची नाडी बांधणं, पोळी लाटणं, नातवाला बसपर्यंत सोडणं. गंमत म्हणजे संस्कृतात 'व्यवसाय'चा जुना अर्थ निश्चय, प्रयत्न असा आहे. तो धरला तर भाषांतर अगदीच वाईट नाही. पण प्रताप नगर चौकात उभं राहून संस्कृत अर्थ कोण धरतो?

मी या शब्दाच्या मागे लागलो त्याचं कारण घरगुती आहे. माझ्या मोठ्या काकांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणं शाबूत राहिलं, हे नशीब. फिजिओथेरपी लगेच सुरू झाली, दीड महिन्यात काका काठी घेऊन चालायला लागले आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काकांनी सोडला नाही. त्यांना चालता येत होतं, पण जेवता येत नव्हतं.

उजवा हात गेला म्हणजे आपल्याकडे काय काय जातं, याचा जरा विचार करून पाहा. डाव्या हातात चमचा धरता येतो, ते काही फार कठीण नाही. पण सत्तर वर्षं जो हात फक्त धुवायला वापरला, त्याच हाताने पंगतीत घास तोंडात घालायचा? काकांनी लग्नाकार्याला जाणंच बंद केलं. त्यात भर पडली बँकेची. सही जुळेना, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सहज सुचवलं, "काका, अंगठा लावा ना." काका मराठीचे शिक्षक. आयुष्यभर फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढलं आणि पोरांना 'अंगठाबहाद्दर राहू नका' म्हणून दटावलं. घरी आल्यावर ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनीच मग सांगितलं, "पायाचं माझ्याकडे चालू ठेवा, हातासाठी मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठा." झालं, शोध सुरू. दोन रविवार मी अ‍ॅक्टिव्हावर प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला असा सगळा पट्टा पालथा घातला. फिजिओथेरपीच्या पाट्या गल्लोगल्ली. ऑक्युपेशनल थेरपीच्या ज्या दोन-तीन दिसल्या त्या सगळ्या लहान मुलांच्या, स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सीवाल्या. औषधाच्या दुकानात विचारलं तर "फिजिओच पाह्यजे ना भाऊ?" एका दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने तर 'ऑक्युपेशनल' ऐकून माझ्या हातात कारखान्याच्या कामगारांच्या तपासणीचा फॉर्म ठेवला :) (प्रताप नगरला लागूनच जी वस्ती आहे तिचं नाव स्वावलंबी नगर. असो.)

आणि मग रात्री नेटवर वाचता वाचता जे सापडलं त्याने मी चाटच पडलो. या विषयाची भारतातली दुसरी शाळा आपल्या नागपुरात आहे. दिल्ली नाही, चेन्नई नाही, पुणं तर नाहीच नाही. मुंबईनंतर थेट नागपूर, आपलं मेडिकल! माझ्या घरापासून फार तर पाच-सहा किलोमीटर.

ही शाळा इथे आली कशी, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यासाठी आधी थोडं लांब जावं लागेल. आजाऱ्याला कामाला लावलं की तो सुधारतो, हा विचार जुना. इंग्लंडमध्ये यॉर्कला 1796 साली क्वेकर पंथाच्या लोकांनी मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाचं घर उघडलं. तिथे साखळदंडांऐवजी शिवण, बागकाम, शेती यांचा उपयोग व्हायचा. पण या विचाराचं रीतसर शास्त्र झालं अमेरिकेत, मार्च 1917 मध्ये. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी सहा जण जमले आणि त्यांनी संघटना काढली. घर होतं जॉर्ज बार्टन यांचं. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, वास्तुविशारद होते. क्षय झालेला, पायाची शस्त्रक्रिया झालेली आणि त्यानंतर डावी बाजू लुळी पडलेली. त्यांनी बागकाम आणि सुतारकाम करत स्वतःवरच प्रयोग केले. म्हणजे या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक जण स्वतःच पेशंट होता. पुढच्याच महिन्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, जखमी सैनिक परत येऊ लागले आणि या लोकांना कामाची ददात उरली नाही.

आता भारत. एलिझाबेथ लंडी या 1900 साली जन्मलेल्या अमेरिकन बाई, त्याही क्वेकर घरातल्या. 1930 साली विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या आणि कमला निंबकर हे नाव घेतलं. चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि फिलाडेल्फियाला जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या. (आपण तिशीच्या आतच नवीन लँग्वेज शिकायला कुरकुरतो.) 1950 साली त्यांनी मुंबईत केईएम रुग्णालयात भारतातली पहिली शाळा सुरू केली, आशियातलीही ती पहिली मानली जाते. दोनच वर्षांत, 1952 साली, अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. अजून पहिली सार्वत्रिक निवडणूक आटोपतेय, आणि या एका विषयात आपण अमेरिका-इंग्लंडच्या बरोबरीने टेबलावर!

नागपूरची शाळा निंबकरबाईंच्याच पुढाकाराने 1950 च्या दशकाच्या अखेरीस आली. मेडिकल कॉलेज 1947 चं, म्हणजे तेव्हा तसं नवंच. 1956 साली नागपूरचं राजधानीपण गेलं होतं. शहराच्या हातून बरंच काही निसटत असताना ही एक गोष्ट मात्र आली, आणि तिचा कुठे फारसा गाजावाजा नाही. आपल्याकडे झीरो माइलचा दगड सगळ्यांना ठाऊक असतो, हे नसतं.

तेव्हाचे पेशंट वेगळे होते. पोलिओ झालेली मुलं दारोदार होती. (देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला, 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.) आणि विदर्भात कुष्ठरोग. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 साली कुष्ठधाम सुरू केलं. पुढे अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. यांपैकी कोणीही स्वतःला थेरपिस्ट म्हणवलं नाही. पण बोटं झडलेल्या माणसाच्या हातात माग, कुदळ किंवा सुतारकामाचं हत्यार द्यायचं आणि त्याला पुन्हा कमावता करायचं, हे दुसरं काय होतं? तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर स्नायुबंध बदलायच्या शस्त्रक्रिया करत होते. त्यात मेंदूला नव्याने शिकावं लागतं, की कालपर्यंत एक काम करणारा स्नायू आजपासून दुसरं करणार. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर बदललं, ड्रायव्हर जुनाच. तो नवा ड्रायव्हर लिहायचं काम थेरपिस्टचं.

काकांना अखेर जे थेरपिस्ट मिळाले ते मेडिकलमध्येच शिकलेले. रविवारी सकाळी घरी येतात. पहिल्या दिवशी त्यांनी 'हात वर करा' म्हटलंच नाही. विचारलं, "सर, तुम्हाला काय करायचं आहे?" काका म्हणाले, जेवायचं आहे, नाडी बांधायची आहे आणि सही करायची आहे. संपली रिक्वायरमेंट! नाडीऐवजी इलॅस्टिक सुचवून पाहिलं, काकांनी साफ नाकारलं. मग एका पाटावर दोन जाड दोऱ्या ठोकून त्यावर गाठीचा सराव. डाव्या, चांगल्या हातावर रोज काही तास जाड मोजा चढवतात, म्हणजे उजव्याला काम करावंच लागतं. वाटाणे सोला, नाणी मोजा, डब्याचं झाकण उघडा. हे घरगुती खूळ नाही. याच तत्त्वावर अमेरिकेत 222 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2006 साली निष्कर्ष छापून आले आणि हाताचा वापर खरोखर सुधारलेला दिसला. अर्थात मनगट-बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक असेल तरच. आणि पहिले काही महिने फार मोलाचे असतात, हे आम्हाला जरा उशिरा कळलं, कारण डिस्चार्जच्या कागदावर हा शब्दच नव्हता.

काका आता पोळीचा तुकडा भाजीला लावून खातात. वरण-भात अजून सांडतो. सही जुन्या सहीसारखी नाही, पण सही आहे. बँकेत नवा नमुना देऊन आलो.

मग साठ-पासष्ट वर्षं शाळा असून प्रताप नगरात माणूस का सापडत नाही? एक तर शिकलेले पुष्कळ जण अमेरिका-इंग्लंडला जातात. (आयटीवाल्याने यावर काय बोलावं!) जे राहतात त्यांना लहान मुलांची कामं भरपूर. आणि तिसरं माझं मत: वाटाणे सोलणं हा उपचार आहे, हे आपल्याला पटतच नाही. मशीन लावलं, करंट दिला की कसं, पैसे वसूल.

तर कोणाला गरज पडली तर, आधी मेडिकलच्या व्यवसायोपचार विभागात जा. खासगीपेक्षा स्वस्त पडेलच, शिवाय बाहेर प्रॅक्टिस करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची नावं तिथेच कळतात. खासगीत जाणार असाल तर फोनवर विचारा की मोठ्या माणसांचे, पक्षाघाताचे पेशंट घेता का आणि घरी येता का. पदवी बीओटीएच किंवा जुनी बीओटी असते. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्याने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागा. खरा माणूस रागावत नाही. आणि मेडिकलला सकाळी लवकर जा. केसपेपरच्या रांगेत नऊनंतर उभे राहिलात तर तो दिवस गेलाच समजा.