काचेच्या बुटाची कुळकथा

केनेथ ब्रॅना यांच्या 2015 सालच्या ‘सिंड्रेला’ चित्रपटात लिली जेम्सच्या पायांत दिसणारे लखलखते बूट तिला घालताच येत नव्हते. वेशभूषाकार सँडी पॉवेल यांना इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनच्या संग्रहालयातला 1890च्या दशकातला एक उंच टाचेचा बूट भावला. त्याच घाटाचा बूट स्वरोव्स्कीने स्फटिकात घडवला. पण स्फटिक जराही लवत नाही, त्यात पाऊल टाकून चालता येत नाही. म्हणून नाचताना नटीच्या पायांत चामड्याचे बूट होते आणि पडद्यावर त्यांच्या जागी संगणकाने स्फटिक चढवला. जो घालून दोन पावलं टाकता येत नाहीत, त्या बुटाने प्रेमकथा कशी पेलली? उत्तर त्याच्या पूर्वजांकडे आहे.

सर्वांत जुना पूर्वज इजिप्तचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने ऐकीव गोष्ट म्हणून ती नोंदवली. नौक्रातिस नगरात ऱ्होडोपिस नावाची स्त्री स्नान करत असताना गरुडाने तिची वहाण उचलली आणि मेम्फिसला उघड्यावर न्यायनिवाडा करत बसलेल्या राजाच्या मांडीवर टाकली. वहाणेच्या सुबक घाटाने आणि त्या नवलाने राजा भारावला. त्याने देशभर माणसं धाडली, ऱ्होडोपिस सापडली आणि राणी झाली. इथे सावत्र आई नाही, मेजवानीही नाही. तरी गोष्टीचा कणा तयार आहे: आधी पादत्राण आवडतं, मग ते घालणारीचा शोध सुरू होतो.

नवव्या शतकात चीनमध्ये तुआन छंग-शिने येह-शिएन या पोरक्या मुलीची कथा लिहिली. तिच्यात सावत्र आई आहे, मदत करणाऱ्या माशाची जादूई हाडं आहेत आणि सोन्याचे बूट आहेत. हे बूट पिसासारखे हलके, दगडावरूनही आवाज न करता चालणारे. हरवलेला बूट विकला जात एका बेटाच्या राजापर्यंत पोचतो, आणि तो राजा त्याच्या मालकिणीला शोधून काढतो.

युरोपात नेपल्सच्या जांबात्तिस्ता बाझिलेने ही कथा नेपोलितान बोलीत लिहिली. ती 1634 ते 1636 दरम्यान, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. त्याची नायिका झेझोल्ला जे गमावते ते चिखलापासून पाय वाचवणारं जाड तळाचं पादत्राण आहे, आणि शेवटी ते लोहचुंबकाकडे लोखंड ओढलं जावं तसं तिच्या पायाकडे झेपावतं.

काच आली ती 1697 साली, फ्रान्सच्या शार्ल पेरोकडून. पेरो हा चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या हाताखाली काम केलेला माणूस. कोल्बेरनेच 1665मध्ये राजाश्रयाचा आरशांचा कारखाना उभारला होता आणि त्या आरशांनी व्हर्साय राजवाड्याचं आरसे-दालन 1684मध्ये सजलं. काच ही त्या दरबाराची वैभवखूण होती. पण पेरोने ती केवळ झगमगाटासाठी निवडली असं मला वाटत नाही. कापड ताणतं, चामडं सैल होतं, काच मात्र कुणाच्याही पायासाठी माप बदलत नाही. खोटं बोलू न शकणारा साक्षीदार कथेला हवा होता.

पेरोच्या मजकुरात आणखी एक बारकावा आहे. पोशाख फाटक्या कपड्यांतून पालटलेला असतो, घोडे उंदरांपासून झालेले असतात. मध्यरात्र उलटली की ते सगळं मूळ रूपात जातं. बूट मात्र परीने नवेच दिलेले असतात. म्हणून ते उरतात. शिवाय दुसरा बूट सिंड्रेला स्वतःच खिशातून काढून दाखवते. आपली ओळख ती स्वतः सिद्ध करते.

ग्रिम बंधूंनी 1812मध्ये बूट सोन्याचा केला. त्यात बसण्यासाठी एक सावत्र बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, आणि रक्त त्यांचं बिंग फोडतं. रोसिनीच्या 1817मधल्या ऑपेरातून तर बूट पार वगळला गेला. त्याच्या जागी कंकण आलं.

सिनेमाने बूट परत आणला. जॉर्ज मेलिएसने 1899मध्येच ही कथा चित्रित केली. डिस्नेच्या 1950च्या चित्रपटात सावत्र आईच्या कपटाने काचेचा बूट फुटतो, तेव्हा खिशातला दुसरा बूट खरोखर उपयोगी पडतो. 1998च्या ‘एव्हर आफ्टर’मधून परी गेली, पण बूट राहिला. तो साल्वातोरे फेरागामो या इटालियन घराण्याने केला.

पादत्राणांवर प्रेम करणाऱ्यांना नटवे म्हणून हिणवलं जातं. ही कुळकथा त्यांच्या बाजूने उभी आहे. इतर कपडे अनेकांच्या अंगावर बेताबाताने बसतात, बूट मात्र एका पायाच्या मापाचा असतो. राजपुत्राला चेहरा ओळखता आला नाही, बुटाने माणूस ओळखला. म्हणून पुढच्या वेळी सिंड्रेलाची कोणतीही आवृत्ती पाहाल तेव्हा राजपुत्राच्या हातातल्या बुटाइतकंच लक्ष तिने जपून ठेवलेल्या दुसऱ्या बुटाकडे द्या. या प्रेमकथेतली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.