१७६६३१९०४९ : एका संख्येचा पूर्वेतिहास

कोणत्या वर्गसंख्येस ६१ ने गुणून त्यांत १ मिळविला असतां पुनः पूर्ण वर्ग येतो? ६० हा गुणक घेतल्यास उत्तर ४ च्या वर्गावर मिळते; ६२ घेतल्यास ८ च्या वर्गावर. परंतु ६१ करितां सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० हे आहे, व येणाऱ्या वर्गाचे मूळ १७६६३१९०४९ होय. ही जोडी भास्कराचार्यांच्या 'बीजगणितां'त आहे. 'बीजगणित' हा शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये रचिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा भाग होय.

एवढी मोठी संख्या त्यांस सांपडली ती अंदाजाने नव्हे. ६१ मध्ये ३ मिळविले असतां ८ चा वर्ग होतो; येथे कनिष्ठ मूळ १, ज्येष्ठ मूळ ८ व क्षेप ३. कुट्टकाच्या साह्याने ७ हा अंक योजून पुढची मुळे ५ व ३९, आणि क्षेप उणे ४ येतो. मुळांस २ ने भागले असतां क्षेप उणे १ होतो. मग ब्रह्मगुप्ताची 'भावना' वापरून ३८०५ व २९७१८ ही पूर्णांक मुळे मिळतात. क्षेप उणे १ च राहतो. त्यांची त्यांच्याशींच भावना केली की इष्ट जोडी हातीं येते. तिच्या भागाकाराने ६१ च्या वर्गमुळाचे जे मूल्य मिळते, त्यांतील चूक १ भागिले १०¹⁷ हूनही कमी आहे.

१६५७ मध्ये फर्माने फ्रेनिक्ल यास आव्हान दिले, त्यांतही ६१ हाच गुणक होता. फर्माच्या या प्रश्नावर इंग्लंडांत ब्राउंकरने रीति शोधिली. ऑयलरने मात्र समीकरणास पेल याचे नांव दिले, व तेंच रूढ झाले. 'बीजगणिता'चे कोलब्रुककृत भाषांतर १८१७ मध्ये निघाले, तेव्हां पाश्चात्त्य अभ्यासकांस ही जुनी जोडी दिसली.

तथापि या श्रेयाच्या वादांत अभिमानाने सत्य झांकूं नये. चक्रवाल रीति भास्कराचार्यांनी प्रथम निर्माण केली, असे म्हणतां येत नाही. हे नांव पूर्वसूरींचे आहे, असे ते स्वतःच सुचवितात. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या इ. स. १०७३ च्या टीकेंतील जयदेवाची वचने प्रकाशांत आणिली. त्यांत ही रीति आहे. शिवाय उत्तर प्रत्येक अवर्ग गुणकास असतेच, याची सिद्धता 'बीजगणितां'त नाही. ती लाग्रांजने अठराव्या शतकांत दिली. रीति व सिद्धता या दोन निरनिराळ्या सिद्धी आहेत. एकीचे मोल दुसरीने उणे होत नाही.

चाळीसगांवनजीक पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखांत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ स्थापिलेल्या मठास दाने दिल्याची नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो लेख प्रसिद्ध केला. या प्रदेशांत गणित परंपरेने शिकविले जात होते, याचा तो दगडी पुरावा होय. तेव्हां ही संख्या कोणा एकाची मिरास न मानतां ब्रह्मगुप्त, जयदेव व भास्कराचार्य या अध्ययनपरंपरेचे फळ मानणे, हेंच इतिहासास धरून होईल.